आधी स्टेंटचं वर्ष भरू द्या

वाचकाचा प्रश्न (थोडक्यात, ओळख लपवून)

माझे यजमान ५१ वर्षांचे आहेत. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, शेवटचा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४ आला. पाच महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, प्लास्टी करून दोन स्टेंट टाकले. तिसऱ्या नळीत ६० टक्के ब्लॉकेज आहे, त्याला डॉक्टरांनी हात लावला नाही. मागच्या महिन्यात वजनाच्या एका शिबिरात गेलो, तर तिथं थेट पोटाच्या बायपासची तारीख मिळाली, आजपासून अठरा दिवसांनंतरची. गणपतीआधी केलं तर पॅकेजमध्ये सूट आहे. "या ऑपरेशननं अटॅकचा धोका निम्मा होतो, परदेशात सिद्ध झालंय, ब्लॉकेजसुद्धा विरघळतात," असं तिथल्या समुपदेशकांनी सांगितलं. दीर म्हणतात, हृदयाची आणि पोटाची बायपास एकाच भुलीत उरकून टाका. दुसरे एक डॉक्टर म्हणतात, आधी तिसऱ्या नळीत स्टेंट घाला म्हणजे ऑपरेशनला धोका नको. मुलगी म्हणते चिरफाड कशाला, हल्ली इंजेक्शनं निघालीत. यजमान माळकरी आहेत, अंडंही चालत नाही. तंबाखू पूर्वीपेक्षा बरीच कमी केली आहे. यंदा वारी चुकली म्हणून ते आधीच खचलेत. तारीख धरू की सोडू? उशीर केला आणि दुसरा अटॅक आला तर काय, या विचारानं झोप लागत नाही.

उत्तर

ताई, तारीख सोडा. ऑपरेशनचा विचार मात्र सोडू नका.

तुमच्या घरात 'काय करायचं' यावर चार मतं आहेत आणि चारही तावातावानं मांडली जाताहेत. 'केव्हा करायचं' हे मात्र कुणीच बोलत नाही. तुमच्या यजमानांच्या बाबतीत सगळं त्या 'केव्हा'वर अडलंय. उशीर म्हणजे धोका असं तुम्ही धरून चालला आहात. ते आकड्यांवर घासून बघू.

"धोका निम्मा होतो" हे वाक्य हवेतून आलेलं नाही. २०२१ साली स्वीडनमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि अतिलठ्ठ असलेल्या ५०९ जणांनी वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. त्यांच्याशी वय, वजन, आजार जुळणारे, पण ऑपरेशन न केलेले ५०९ जण राष्ट्रीय हृदयरोग नोंदवहीतून शोधले. आठ वर्षांच्या हिशेबात मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण ऑपरेशन केलेल्यांत १०० पैकी १९ च्या आसपास निघालं, न केलेल्यांत ३६. पक्षाघातात फरक दिसला नाही. मृत्यू आणि नवा अटॅक यांत दिसला, आणि चांगला दिसला. तुमच्या यजमानांसारख्याच माणसांवरचा हा अभ्यास आहे, त्यामुळे समुपदेशकांनी थाप मारली असं म्हणता येणार नाही.

पण त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. या ५०९ जणांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. ज्यांनी ऑपरेशन करून घेतलं ते स्वतःहून पुढं आले होते आणि सर्जन व भूलतज्ज्ञ यांनी त्यांना 'झेपेल' असं म्हटलं होतं. असा माणूस औषधं वेळेवर घेणारा, तपासणीला जाणारा असण्याची शक्यता जास्त. वय आणि वजन कागदावर जुळवता येतं, हे जुळवता येत नाही. म्हणजे त्या फरकातला काही वाटा ऑपरेशनचा आणि काही वाटा माणसांच्या निवडीचा. किती कुणाचा, हे अशा अभ्यासातून वेगळं काढता येत नाही.

याच विषयातला सगळ्यात नावाजलेला अभ्यासही स्वीडनचाच, एसओएस या नावानं ओळखला जातो. १९८७ साली सुरू झाला, २०१० जणांवर ऑपरेशन आणि २०३७ जण तुलनेला. तिथंही चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, कारण त्या काळी या शस्त्रक्रियांत दगावण्याचं प्रमाण इतकं होतं की नीतिसमित्यांनी चिठ्ठ्या टाकायला परवानगीच दिली नाही. २०१२ साली त्यांनी हृदयाचे आकडे जाहीर केले: हृदयविकार-पक्षाघातानं झालेले मृत्यू ऑपरेशनच्या गटात २८, दुसऱ्या गटात ४९. मध्ये पंधरा वर्षांच्या आसपासचा काळ गेला होता. त्यात एक बारकावा तुमच्या कामाचा आहे. फायदा किती होणार हे सुरुवातीच्या वजनावरून ठरत नव्हतं. ज्यांच्या रक्तात इन्सुलिनची पातळी जास्त, म्हणजे ज्यांचं शरीर इन्सुलिनला दाद देत नव्हतं, त्यांना फायदा जास्त झाला. वजनकाट्यापेक्षा साखरेची गडबड महत्त्वाची ठरली, आणि ती तुमच्या यजमानांकडे आहेच. (त्यातली बहुतेक ऑपरेशनं आज कुणी करतही नाही अशा जुन्या पद्धतीची होती, हेही जाता जाता.)

आता 'ब्लॉकेज विरघळतात' हे. पोटातल्या शस्त्रक्रियेनं हृदयाच्या नळ्यांवर काय होतं हे चिठ्ठ्या टाकून तपासलेला एक मोठा प्रयोग आहे, आणि तो वजनाचा नव्हताच. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले सर्जन हेन्री बुकवाल्ड यांनी तो उभा केला, पॉश या नावानं. एकदा अटॅक येऊन वाचलेले, कोलेस्टेरॉल वाढलेले ८३८ जण घेतले. चिठ्ठीत ज्यांचं नाव आलं त्यांच्या लहान आतड्याचा शेवटचा सुमारे दोन मीटरचा भाग वळसा घालून बाजूला टाकला, म्हणजे पित्तातलं कोलेस्टेरॉल पुन्हा शोषलं जाऊ नये. १९९० साली निकाल आला: वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, दुसऱ्या गटाहून ३८ टक्के कमी, हृदयविकारानं मृत्यू किंवा नवा अटॅक अशा घटना ८२ विरुद्ध १२५. या लोकांची ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा अँजिओग्राफी केली होती. तिच्यात मुख्यतः काय दिसलं? अडथळे वाढण्याचा वेग मंदावला. काही जणांत थोडे मागे हटले. 'विरघळले' असं म्हणावं असं चित्र नव्हतं. नळीतला थर म्हणजे साजूक तुपाचा गोळा नव्हे. त्यात चुना असतो, तंतू असतात, आणि स्टेंट तर धातूची जाळी आहे, ती आयुष्यभर तिथंच राहणार. खरा फायदा असा की थर शांत होतो, फुटून त्यावर गुठळी बसण्याची शक्यता कमी होते. ते घडायला वर्षं लागतात.

त्या ऑपरेशनची किंमतही होती: जुलाब, मुतखडे, जन्मभर बी-१२ ची इंजेक्शनं. कोलेस्टेरॉल उतरवणारं पहिलं स्टॅटिन १९८७ साली बाजारात आलं आणि जे काम दोन मीटर आतडं बाजूला टाकून होत होतं ते गोळीनं होऊ लागलं. पत्रात तुम्ही एलडीएल किती ते लिहिलंच नाही. यजमान स्टॅटिनची गोळी रोज घेतात का, तेही नाही. अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल ७० च्या खाली हवंच, बरेच हृदयरोगतज्ज्ञ आता ५५ च्या खाली धरतात. उद्या सकाळी हा एक रिपोर्ट काढा. अठरा दिवसांच्या तारखेपेक्षा त्या एका आकड्याला घाई आहे.

आता उशिराचा हिशेब. स्वीडनचा तो आकडा अगदी जसाच्या तसा खरा मानू, सगळं श्रेय ऑपरेशनला देऊ. आठ वर्षांत १०० मागे १७ जणांचा फरक. म्हणजे वर्षाला साधारण दोन. सात महिने थांबलात तर गमावण्याची शक्यता १०० त एकाच्या आसपास. आता दुसरं पारडं. कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरून २०११ साली एक मोजणी प्रसिद्ध झाली: अटॅकनंतर किती दिवसांनी दुसरी एखादी मोठी शस्त्रक्रिया केली तर त्या वेळी पुन्हा अटॅक येतो? ३० दिवसांच्या आत केली तर १०० पैकी जवळजवळ ३३ जणांना. ३१ ते ६० दिवसांत १९. ६१ ते ९० दिवसांत ८. आणि ९१ ते १८० दिवसांत ६. ते रुग्ण खुबा, पित्ताशय, मोठं आतडं अशा ऑपरेशनचे होते, पोटाच्या बायपासचे नव्हते, म्हणून तो सहाचा आकडा तुमच्या यजमानांना जसाच्या तसा लावू नका. पण दिशा कळते. तुम्हाला दिलेली तारीख त्यांच्या अटॅकपासून साधारण १७० व्या दिवशी येते. एकीकडे थांबून १०० त एकाचा संभाव्य तोटा, दुसरीकडे घाई करून त्याहून बराच मोठा आणि पहिल्याच आठवड्यातला धोका. फायदा वर्षांनी येतो, धोका पहिल्या महिन्यात असतो. असा व्यवहार सवलतीच्या कूपनवर करायचा नसतो.

याहून पक्कं कारण त्यांच्या गोळ्यांच्या डबीत आहे. अटॅकनंतर स्टेंट टाकला की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण बारा महिने चालतात: ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला टिकाग्रेलोर, क्लोपिडोग्रेल किंवा प्रासुग्रेल. ऑपरेशनसाठी ही दुसरी गोळी थांबवावी लागते. टिकाग्रेलोर तीन ते पाच दिवस आधी, क्लोपिडोग्रेल पाच, प्रासुग्रेल सात. वर्षाच्या आत थांबवली तर स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊ शकते, आणि ती गुठळी म्हणजे छोटा अटॅक नसतो. न थांबवता ऑपरेशन केलं तर जठरावर मारलेल्या स्टेपलच्या रेघेतून रक्तस्राव. इकडे आड तिकडे विहीर. बारा महिने भरले की दुसरी गोळी थांबवता येते, ॲस्पिरिन चालू ठेवून ऑपरेशन होतं, आणि हा पेच बराचसा सुटतो. तुमच्या यजमानांना ते वर्ष भरायला सात महिने आहेत. मात्र कोणतीही गोळी केव्हा थांबवायची हे प्लास्टी करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञानंच लिहून द्यायचं. शिबिरातल्या माणसानं तोंडी सांगितलेलं चालणार नाही.

दीरांचं 'एकाच भुलीत दोन्ही'. हा घोळ 'बायपास' या शब्दानं घातलाय आणि तो घरोघरी आहे. हृदयाच्या बायपासमध्ये पायातली किंवा छातीतली रक्तवाहिनी घेऊन बंद नळीला पर्यायी रस्ता देतात. छाती उघडावी लागते, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन भरपूर द्यावं लागतं. पोटाच्या बायपासमध्ये दुर्बिणीतून जठराची साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी करतात आणि ती लहान आतड्याला पुढे जोडतात. नाव एक, काम दोन. ताज्या स्टेपलच्या रेघा असलेल्या माणसाला हेपारिनखाली ठेवायचं म्हणजे दोन्ही ऑपरेशनांचे धोके एकमेकांना खतपाणी. शिवाय तुमच्या यजमानांना हृदयाची बायपास लागेल असं त्यांच्या डॉक्टरांनी म्हटलेलंच नाही. दीरांना एवढं सांगितलं तरी पुरे.

दुसऱ्या डॉक्टरांचं 'आधी तिसरा स्टेंट' ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणूनच जपून. हीच कल्पना अमेरिकेत ५१० जणांवर चिठ्ठ्या टाकून तपासली गेली, कार्प या प्रयोगात, २००४ साली. रक्तवाहिन्यांच्या मोठ्या ऑपरेशनआधी निम्म्यांच्या हृदयाच्या नळ्या उघडून घेतल्या, निम्म्यांच्या नाही. पुढं अडीच-पावणेतीन वर्षांनी मृत्यूचं प्रमाण २२ टक्के आणि २३ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. छातीत दुखत नसताना ६० टक्क्यांच्या ब्लॉकेजला निव्वळ 'ऑपरेशन सेफ व्हावं' म्हणून स्टेंट घालण्यानं हाती लागतं ते एकच: दोन गोळ्यांचं घड्याळ पुन्हा शून्यावर, आणि आणखी किमान सहा महिने थांबणं. डाव्या बाजूच्या मूळ नळीतच मोठा अडथळा असेल किंवा थोडं चालल्यावर, बसल्याजागी दुखायला लागलं असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा नळीचं काम आधी.

मुलीचं म्हणणं या चौघांत सगळ्यात विचार करण्याजोगं आहे. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या, आठवड्याला एक अशा इंजेक्शनावर सिलेक्ट नावाचा प्रयोग झाला. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात वगैरे झालेले १७,६०४ जण, चिठ्ठ्या टाकून. २०२३ साली निकाल आला. हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारानं मृत्यू, अटॅक, पक्षाघात मिळून घटना ८ टक्क्यांवरून ६.५ वर. वजन साधारण ९ टक्के उतरलं. चिठ्ठ्या टाकून केलेला असल्यानं हा पुरावा स्वीडनच्या अभ्यासांहून घट्ट आहे, फायदा मात्र छोटा. एक अट लक्षात घ्या: त्या प्रयोगात मधुमेहींना घेतलेलं नव्हतं. मधुमेहींवर याच औषधाचा कमी मात्रेचा प्रयोग २०१६ साली झाला होता, त्यातही हृदयाला फायदा दिसला, पण डोळ्यांच्या पडद्याची गुंतागुंत वाढलेली आढळली. नऊ वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसानं पडदा तपासल्याशिवाय हे इंजेक्शन सुरू करू नये. भारतात वजनासाठीच्या मात्रेतलं सेमाग्लुटाइड आणि त्याच जातीचं टिर्झेपटाइड ही दोन्ही २०२५ साली आली. बंद केलं की उतरलेलं वजन बरंचसं वर्षभरात परत येतं, हा त्याचा खरा खर्च. तरी मधल्या सात महिन्यांचा पूल म्हणून हृदयरोगतज्ज्ञाशी आणि मधुमेहतज्ज्ञाशी याविषयी जरूर बोला. कदाचित एवढा फरक पडेल की ऑपरेशन लागणारच नाही. लागलं तर भूलतज्ज्ञाला इंजेक्शनाचा शेवटचा डोस कधी झाला ते सांगायचं, कारण त्यानं जठर उशिरा रिकामं होतं आणि भूल देताना पोटातलं फुप्फुसात जायची भीती असते.

आता ते सात महिने. तंबाखू तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीत, "बरीच कमी केली आहे." ताई, ती ओळ पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. ५२ देशांत, भारतासह, झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात चघळायच्या तंबाखूनं अटॅकची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. 'कमी' चालत नाही, बंद हवी; आणि बरेच सर्जन ती किमान सहा आठवडे पूर्ण सुटल्याशिवाय हात लावत नाहीत. मनाच्या जोरावर न सुटल्यास निकोटिनचा च्युइंगम, पॅच मिळतात, पण अटॅक नुकताच झाल्यामुळे डॉक्टरांना विचारून. रात्री घोरतात का, मध्येच श्वास अडकून दचकतात का, ते तुम्हालाच माहीत असणार. असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. श्वास थांबण्याचा तो विकार भुलीच्या आधी सापडला तर रात्रीच्या सीपॅप मशिननं आवरता येतो, नंतर सापडला तर आयसीयूत सापडतो. एचबीए१सी ८ च्या खाली आणायचा. टू-डी एको, पोटाची सोनोग्राफी, जठराची दुर्बीण ही तपासणी ऑपरेशनआधी. न थांबता, न दुखता दोन जिने चढता येतात का, ही सगळ्यात स्वस्त तपासणी.

मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. ऑपरेशनआधी यकृत आकसावं म्हणून दोन आठवडे अगदी कमी खाण्याचा आहार देतात. हे औषध आणि तो आहार एकत्र आले की साखर जवळजवळ नॉर्मल असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं, आणि ग्लुकोमीटर बघून कुणालाच शंका येत नाही. ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी ते थांबवायचं असतं. आहार सुरू होतानाच थांबवायचं का, हे विचारा.

याच महिन्यांत कागदही जमतील. आरोग्य विम्यातला लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा नियम बहुतेक पॉलिसींत सारखाच असतो: बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त, किंवा ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत हृदयधमनीविकार, आटोक्यात नसलेला मधुमेह, झोपेतला तीव्र श्वासरोध असं काहीतरी, आणि कमी त्रासाचे उपाय करूनही वजन उतरलं नाही याचा पुरावा. यजमानांचा बीएमआय ३९.७ येतो, हृदयधमनीविकार आहेच. अडेल तो शेवटच्या अटीवर. आहारतज्ज्ञाच्या भेटीची प्रत्येक चिठ्ठी, तारखेसह वजन, औषधांच्या पावत्या एका फायलीत लावा. पॅकेजमधल्या सवलतीपेक्षा ती फाईल जास्त पैसे वाचवेल. पॉलिसी नवी असल्यास जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ केव्हा संपतो तेही बघा.

कोणतं ऑपरेशन? इथं घाई नको, पण दोन ओळी. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. ऑपरेशन लहान, पण पुढं आम्लपित्ताचा त्रास होऊ शकतो. बायपासनं एलडीएल आणि साखर जास्त उतरते. 'मधुमेह जातो' असं सांगितलं असेल तर क्लीव्हलँडमधल्या स्टॅम्पीड प्रयोगाचे पाच वर्षांचे आकडे असे: एचबीए१सी ६ किंवा त्याखाली बायपासच्या गटात २९ टक्के लोकांचा, स्लीव्हच्या २३, नुसत्या औषधांच्या ५. म्हणजे सत्तर टक्के लोकांचा त्या रेषेखाली गेला नाही. बायपासनंतर जोडावर व्रण होऊ शकतो. ॲस्पिरिन आयुष्यभर लागणार म्हणून सोबत आम्ल कमी करणारी गोळी लागेल. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोलऐवजी पँटोप्राझोल. गुडघे दुखले म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घ्यायचे दिवस मात्र संपले.

आणि आता एक गोष्ट जी बरोबर बसणाऱ्या माणसाला, म्हणजे तुम्हाला, माहीत हवी. या ऑपरेशननंतरची सगळ्यात घातक गुंतागुंत म्हणजे स्टेपलच्या रेघेतून किंवा जोडातून गळती. तिची पहिली खूण बहुधा ताप नसते, पोटदुखीही नसते. नाडी वाढते. मिनिटाला १२० च्या वर गेली की सर्जन सावध होतात. पण अटॅकनंतर यजमानांना मेटोप्रोलोलसारखी नाडी संथ ठेवणारी गोळी चालू असणार, आणि ती बंद करायची नसते. मग आत गळती सुरू असताना नाडी ९५ वर रेंगाळते आणि तक्त्यावर ती नॉर्मल दिसते. त्यात गळतीनं डाव्या खांद्यात दुखतं, धाप लागते, घाम फुटतो. हार्ट पेशंट म्हटल्यावर सगळे ईसीजी काढतात, ट्रोपोनिन (अटॅक ओळखायची रक्ततपासणी) बघतात, ते ठीक आलं की 'घाबरू नका' म्हणून जातात. म्हणून ऑपरेशनच्या आधी आठवडाभर सकाळी उठल्यावर त्यांची नाडी मोजून लिहून ठेवा. नेहमी ६२ असणारी ९५ वर टिकून राहिली आणि ईसीजी ठीक असेल, तर सर्जनला विचारा, "गळती नाही ना? सीटी करायचा का?" घरी आल्यावरही दोन आठवडे ही मोजणी सोडू नका, गळती उशिराही होते.

स्वयंपाकघराचं तुम्ही बघालच, पण अंडं नसलेल्या घरात प्रथिनांचा मेळ आधी बसवावा लागतो. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम हवीत आणि पोटात एका वेळी औषधाच्या टोपणभर मावतंय. पहिले दोन आठवडे पातळ: ३० मिलिलिटर, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा ३०, ताक, गाळलेलं मुगाचं कढण, दुधात प्रथिनांची पावडर. पुढे वाटलेलं, मग मऊ. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, ३० ग्रॅम मूगडाळीत सात. पावडरीवाचून गणित बसत नाही, तिचा कमीपणा मानू नका. एकादशीचा साबुदाणा आणि बटाटा म्हणजे प्रथिनं फारच कमी. उपास मोडायचा नसेल तर ताक, दूध, पनीर, शेंगदाण्याचं वाटण यावर करा. मोदक, श्रीखंड झपाट्यानं आतड्यात उतरलं की छाती धडधडते, घाम येतो, डोकं गरगरतं. पहिल्यांदा होईल तेव्हा तुम्हाला अटॅकच वाटेल. शंका असेल तर अटॅकच समजून दवाखाना गाठा, पण खाल्ल्याची वेळ सांगा. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर सलाईनच्या आधी बी-१ जीवनसत्त्व द्यायला सांगा. ते राहून गेलं की मेंदूवर परिणाम होतो. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून पहिले सहा महिने एक गोळी बहुधा देतात. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या पहिल्याच आठवड्यांत कमी कराव्या लागतात, म्हणून घरी बीपीचं मशिन हवं. स्टॅटिन आणि ॲस्पिरिन मात्र वजन कितीही उतरलं तरी सुटणार नाहीत.

तुमच्या पत्रात दीर काय म्हणतात, लेक काय म्हणते, डॉक्टर काय म्हणतात, सगळं आहे. यजमानांना स्वतःला ऑपरेशन हवंय का, हे कुठंच नाही. एवढ्या पथ्याचं हे ऑपरेशन घरच्यांनी ठरवून पार पडत नाही. तारीख रद्द झाल्यावर, घाई नसताना, त्यांना एकट्याला विचारा. वारीचा विषय तेव्हाच काढा. पुढच्या मार्चमध्ये वर्ष भरल्यावर ऑपरेशन झालं तर आषाढीला तीन-चार महिनेच झालेले असतील. तेवढ्यात अख्खी वाट उन्हात चालणं नको, पाण्याचा घोट घोट हिशेब असलेल्या माणसाला ते झेपत नाही. शेवटचे एक-दोन टप्पे, बाटली हातात आणि सोबतीला कुणी, एवढं डॉक्टरांना विचारून ठरवता येईल.

तारीख रद्द करताना रुग्णालयाला फोन न करता लेखी कळवा, अनामत भरली असेल तर परतीची पावती मागा. आणि पुन्हा कधी तिथंच जायचं ठरलं, तर सूट किती हे विचारण्याआधी हे विचारा: रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर हृदयरोगतज्ज्ञ इमारतीत असतो की घरून येतो, आणि कॅथलॅब, म्हणजे प्लास्टी करायची खोली, याच आवारात आहे की गाव ओलांडून?